कावड आणि खांदा

घरातील वडीलधारे माणूस हृदयविकाराच्या झटक्यातून अथवा अर्धांगवायूतून बचावून रुग्णालयातून परत आले, म्हणजे घरच्यांना संकट टळले असे वाटते. वस्तुतः कसोटी तेथूनच सुरू होते. गोळ्या वेळेवर घेणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, लुळ्या हातापायांना रोज व्यायाम देणे, हे व्रत पुष्कळदा जन्मभर चालवावे लागते. आजकाल या व्रतात मोबाईल आणि मनगटी घड्याळ साथीला आले आहेत. वडील बडोद्यास आणि मुलगा परगावी असला, तरी त्यांच्या नाडीचे व रक्तदाबाचे आकडे त्याला तेथे बसून पाहता येतात. तेव्हा असा प्रश्न उपस्थित होतो की, सेवेचा भार यंत्रावर टाकणारा पुत्र कर्तव्यास चुकतो काय?

पुष्कळ जण ‘होय’ म्हणतील. परंतु यंत्र सरसकट नाकारणे हाही धर्म नव्हे. हृदयाचे ठोके एका विशिष्ट प्रकारे अनियमित पडू लागले, तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका वाढतो. हा अनियमितपणा पुष्कळदा रोग्यास जाणवतही नाही. काही घड्याळे मात्र तो टिपू शकतात. उशाशी बसलेल्या प्रेमळ कन्येलाही जे कळले नसते, ते यंत्र सांगते. तथापि हृदयविकाराचा झटका ओळखण्याचे सामर्थ्य या घड्याळांत नाही. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर आकडे पाहत न बसता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

अनुभव काय सांगतो तेही पाहू. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे हृदयरोगाच्या ७१० रोग्यांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांना सहा महिने, आठवड्यास चार संदेश मोबाईलवर पाठविण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संदेश मिळालेल्यांचा रक्तदाब कमी आढळला आणि त्यांच्यात धूम्रपान करणारेही कमी होते. आपल्या देशात अर्धांगवायूच्या ४२९८ रोग्यांवर ३१ केंद्रांत, १२ भाषांतून तसाच प्रयोग झाला. संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका ही त्याची साधने होती. २०२३ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले. गोळ्या घेण्यातील नियमितपणा सुधारला, मद्य सोडणारे वाढले. पण वर्षभरात पुन्हा झटका येण्याचे वा मृत्यूचे प्रमाण काही कमी झाले नाही. साधनाचा उपयोग आहे आणि त्यास मर्यादाही आहे, असा याचा अर्थ.

श्रावणाने अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रा घडविली. कावड वापरल्याने त्याची सेवा उणी झाली, असे कोणी म्हणत नाही. पण कावड आपण होऊन चालत नव्हती. तिला श्रावणाचा खांदा होता. मोबाईल ही आजची कावड होय. अर्धांगवायूनंतर सुमारे एक-तृतीयांश रोग्यांना खिन्नता ग्रासते. पावले मोजणारे यंत्र ‘आज पावले कमी पडली’ एवढेच सांगेल. ती का कमी पडली, हे जवळच्या माणसानेच विचारावयाचे असते. धृतराष्ट्रास संजयाकडून रणांगणाची सर्व वार्ता कळत होती, पण केवळ कळण्याने त्याच्या एकाही पुत्राचे रक्षण झाले नाही. दुरून आकडे पाहणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

आणखी एक गोष्ट. रोगी हा पाळत ठेवण्याजोगा अपराधी नव्हे. आपले आकडे कोणी पाहावेत, हे वडिलांनी स्वतः ठरवावे. मुलांनी त्यांस विचारल्यावाचून यंत्र बांधू नये. उलटपक्षी, आकडे चांगले दिसतात म्हणून डॉक्टरांस न विचारता गोळी बंद करणे, हा रोग्याचा स्वतःशी व घराशी केलेला अन्यायच होय.

म्हणून यंत्र अवश्य घ्यावे. पण आकडा पाहिल्यावर फोन करून ‘झोप लागली का, जेवण गेले का’ हेही विचारावे. ज्यांची मुले दूर आहेत अशी घरे आपल्या सभासदांतही आहेत. सायंकाळी आरतीस येताना त्यांच्या दारावरून यावे, आणि डॉक्टरांची अनुज्ञा असेल तर त्यांना बरोबर घेऊन सावकाश चालत देवळापर्यंत यावे. तेवढा खांदा आपणांपैकी कोणासही देता येण्यासारखा आहे.