डबा घेऊन जाताना

नाशिकचं जिल्हा रुग्णालय असो की एखादं खासगी, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी कुणाचे ना कुणाचे आईबाप बसलेले असतात. आत लेकरू व्हेंटिलेटरवर असतं. मेंदूची इजा आता भरून येणार नाही, असं डॉक्टर सांगून गेलेले असतात. आपण डबा घेऊन जातो आणि पटकन बोलून जातो, "धीर सोडू नका, चमत्कार होतात." दुसरं कुणी म्हणतं, "कशाला त्या जिवाचे हाल?" दोघांच्याही पोटात मायाच असते. पण त्या आईला दोन्ही वाक्यं सोसत नाहीत.

मला अशा वेळी अरुणा शानबाग आठवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. १९७३ मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला. २०१५ मध्ये गेल्या तोवर त्या केईएममध्येच होत्या. जुन्या नर्स निवृत्त झाल्या, नव्या आल्या. अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवणं चुकलं नाही. पाठीला जखम होऊ दिली नाही. त्यांना जाऊ द्यावं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मार्च २०११ च्या निकालाने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली, पण अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या लोकांना दिला. रोज सेवा करणाऱ्यांना. मला हे फार मोलाचं वाटतं. त्या परिचारिकांनी "असू देत" म्हटलं. एखादी आई तितक्याच मायेने "आता पुरे" म्हणाली, तर तिचंही तितक्याच आदराने ऐकायला हवं.

या निर्णयाचा भार तिच्या एकटीवर नसतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मधली त्याची सुधारणा यांनुसार डॉक्टरांची दोन मंडळं आधी सगळं तपासतात. आणि यंत्र काढलं म्हणजे सेवा संपली, असंही नाही. वेदनेवरचं औषध, ओले केलेले ओठ, आईचा हात, हे शेवटपर्यंत राहू शकतं.

तेव्हा डब्याबरोबर सल्ला नेऊ नये. लेकराचं नाव घेऊन विचारावं. "रात्री डोळा लागला का?" म्हणावं. धाकट्याला शाळेतून आणायचं काम आपल्याकडे घ्यावं. आईबाप बोलले तर मध्ये न बोलता ऐकावं. मूल घरी येवो न येवो, महिन्याभराने त्यांच्याकडे पुन्हा जावं.