रफू आणि ठिगळ

माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका लोकरी कोटाला बाहीपाशी कसर लागली होती. धुळ्याच्या एका रफूगाराकडून त्यांनी तो नीट करून आणला, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. कोट घेऊन ते ओट्यावर उजेडात आले आणि मला म्हणाले, "शोध बरं, भोक कुठे होतं ते!" मला काही ते सापडले नाही. वडिलांना कोण आनंद झाला! आईने त्याच आठवड्यात माझ्या खाकी चड्डीला मागच्या बाजूला निळ्या कापडाचे ठिगळ लावले होते आणि ते अर्ध्या साक्रीला दिसत होते. रफू ही कला आणि ठिगळ ही गरिबी, अशी माझी समजूत त्या दिवसापासून होऊन बसली. ती वीस-पंचवीस वर्षे टिकली. ती कशी ढासळली, त्याची ही हकिकत आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण दहावीचे. वडील त्याला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. त्यावर चित्रकलेची पदविका घेतली आणि फळ्यापुढे उभा राहिलो. रात्री कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांत न बसणारा एक तिसरा नाद मला 2008च्या सुमारास लागला. दूरचित्रवाणीवरचे चांगले कार्यक्रम सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून टिपून घ्यायचे, संगणकावर त्यांतल्या जाहिराती काढायच्या, तुकडे जोडायचे आणि त्यांची डीव्हीडी करायची. तोडजोड हा आपल्या भाषेतला किती सोयीचा शब्द! व्यवहारात तडजोडीच्या अर्थाने आपण तो वापरतो. माझ्या नादात तो अक्षरशः खरा होता.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आमच्याकडे तेव्हा भारनियमन जोरात होते. तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती डौलात फिरत असत आणि खाली गावात आम्ही मेणबत्ती शोधत असू. कार्यक्रम ऐन रंगात आला की वीज जायची. उरलेला भाग दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणातून मिळवावा लागे. शिवाय फाईल 4 जीबीची झाली की पेटी आपण होऊन दुसरी फाईल सुरू करी; मग गाणे चालू असो की भाषण.

आणि कात्री हवी तिथे चालत नाही. पडद्यावर सेकंदाला 25 चित्रे सरकतात. पण ती सगळी पूर्ण चित्रे नसतात. साधारण बारा-पंधरांमागे एक चित्र पूर्ण साठवलेले असते. मधल्या चित्रांत, शेजारच्या चित्राहून काय निराळे आहे, एवढेच टिपलेले असते. म्हणजे मधले चित्र एकटे उभे राहूच शकत नाही. शेजाऱ्याचा आधार काढून घेतलात की त्याचे चौकोन-चौकोन होऊन ते विसकटते. म्हणून काप पूर्ण चित्रापाशीच घ्यायचा. आवाजाचे गणित त्याहून वेगळे. सेकंदाचे हजार भाग केले, तर एका चित्राच्या वाट्याला 40 भाग येतात आणि आवाजाच्या एका तुकड्याला 24. दोहोंच्या शिवणी एका रेषेत क्वचितच येतात. प्रत्येक जोडाला बारीकसा फरक राहतो; असे पाच-सहा जोड झाले की ओठ एक बोलतात आणि शब्द दुसरेच ऐकू येतात. हे सारे सांभाळून जोड दिसू न देणे, यात मी तरबेज झालो होतो. वडिलांच्या त्या रफूगाराची मला वारंवार आठवण येई.

आमच्या गल्लीत एक वयस्क गायक होते. सगळे त्यांना जिभाऊ म्हणत. मीही इथे तेवढेच म्हणतो. अहिराणी गाणी ते फार सुरेख म्हणत. 2011 साली एका वाहिनीवर त्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. मी तो रात्री टिपला. वीज गेली तेथून पुढचा भाग दुसऱ्या दुपारी मिळवला. पुढे चारच महिन्यांनी जिभाऊ गेले. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना वाटण्यासाठी त्या कार्यक्रमाच्या 40 डिस्क करून द्याव्यात, असे त्यांच्या मोठ्या मुलाने मला सांगितले. मी आनंदाने कबूल झालो.

जिभाऊ त्या कार्यक्रमात कानबाईचे गाणे म्हणत होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसते, रात्र जागवतात आणि सोमवारी नदीवर नेऊन तिला निरोप देतात. जागरणाची ही गाणी मुळात बायकांची. जिभाऊ दोन कडवी म्हणाले आणि तिसऱ्याला अडकले. काही केल्या आठवेना. ते हसले आणि म्हणाले, हे तिला विचारायला हवे होते. मग त्यांनी एका बाईचे नाव घेतले. ती त्यांच्या शेतात निंदणीला येई. बांधावर बसून तिच्याकडून आपण ही गाणी उचलली, आपले त्यात काही नाही, असे ते सरळ सांगून गेले. मग चौथ्या कडव्यापासून गाणे पुढे सुरू झाले. हा सारा मामला 40 सेकंदांचा.

"सर, इतलं काढी टाका," मुलगा म्हणाला. "पाव्हनास्ले दखाडनं शे."

का काढायचे, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती. ती बाई कोणत्या वस्तीतली, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. बाप गाणे विसरतो हे पाहुण्यांना दिसू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे, असे मी माझ्या मनाला समजावले. आपल्या सोयीचे कारण समोर ठेवलेले असले की आतले कारण कोण उकरून काढतो? मी काप घेतला. दैवयोगाने पूर्ण चित्र नेमके हव्या त्या जागी सापडले. दुसरे कडवे संपते, जिभाऊ श्वास घेतात आणि चौथे सुरू होते. मी तो जोड दहा वेळा पाहिला. मलाच तो दिसेना. त्या रात्री मी मोठ्या समाधानाने झोपलो, हे कबूल करायला हवे.

डिस्क वाटल्या गेल्या. निम्म्याअधिक सुरतेकडच्या नातेवाइकांबरोबर गेल्या. एक मी शाळेत ठेवली आणि श्रावणात सातवीच्या वर्गाला लावून दाखवली. गाणे संपले. मुले उठली. एक मुलगी तेवढी बाकावरच बसून राहिली. तिने हा कार्यक्रम शेजाऱ्यांकडे पाहिला होता.

"सर, तठे मनी आजीनं नाव व्हतं ना? ते कोठे गयं?"

मी काय उत्तर द्यावे? वेळ कमी होता म्हणून थोडे कापले, असे काहीतरी मी पुटपुटलो. शिक्षकाने विद्यार्थ्याशी खोटे बोलणे नवीन नाही. पण ते इतक्या सहज जमल्याचे मला नवल वाटले. घरी येऊन मी संगणक उघडला. मूळ फाईल शोधू लागलो आणि मग आठवले की, जागा कमी पडते म्हणून डिस्क पूर्ण होताच मी ती पुसून टाकली होती.

या बाबतीत मला थोरामोठ्यांची सोबत आहे. माणसाने 1969च्या जुलैत चंद्रावर पहिले पाऊल ठेवले, त्या वेळी थेट टिपलेल्या मूळ फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे खुद्द नासानेच 2009 साली सांगितले. आपल्या फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत लागला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे उरले आहे, असे म्हणतात. आणि तीही मूळ चित्राची नसून फाळक्यांनी 1917 साली तोच चित्रपट पुन्हा केला त्याची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सत्यवचनी राजाच्याच चित्राबद्दल असा संशय राहावा! पण या सोबतीने माझे समाधान होईना. त्यांच्या हातून वस्तू हरवली. मी हरवली नव्हती. मी ती काढली होती आणि काढलेले दिसू नये म्हणून कष्ट घेतले होते.

तुम्ही म्हणाल, कापल्यावाचून चालते काय? नाहीच चालत. मी जाहिराती कापल्या, त्याबद्दल कोणी माझ्याकडे तक्रार घेऊन आले नाही. मुलाचीही बाजू आहे. बाप त्याचा, खर्च त्याचा. वर्षश्राद्ध म्हणजे काही न्यायालय नव्हे की सगळा पुरावा मांडलाच पाहिजे. आणि मी तर कादंबरीकार. खऱ्या माणसांचे तुकडे करून ते भलत्याच माणसांना जोडणे हा माझा रात्रीचा धंदाच आहे. पण कादंबरीच्या पहिल्या पानावर कादंबरी असे छापलेले असते. वाचक फसायला तयार होऊन येतो. डिस्क पाहणाऱ्याने असा कोणता करार केलेला असतो? समोर जिभाऊ आहेत, त्यांचाच आवाज आहे. मग ते जे बोलले ते हेच, असे तो धरून चालतो. जिभाऊंनी साऱ्या महाराष्ट्रासमोर एक ऋण मान्य केले होते. मी त्यांच्याच तोंडून ते नाकबूल करवले, आणि तेही ते उत्तर द्यायला नसताना. कापणे हा गुन्हा होता की नाही, यावर अजूनही माझे मन डळमळते. पण कापल्याचे लपवणे हा होता, याविषयी मला शंका उरलेली नाही.

त्याच सुमारास मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताविषयी वाचायला मिळाले. ते काम 1919 साली सुरू झाले. पुढे 1925 पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची धुरा घेतली. ते 1943 साली वारले. काम पुरे झाले ते 1966 साली. हजारावर हस्तलिखिते ताडून पाहून ही संहिता सिद्ध केली. त्या पंडितांनीही तोडजोडच केली! व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही तुमची-आमची लाडकी कथासुद्धा त्यांनी मुख्य संहितेतून काढली. पण काढली ती कुठे टाकली? परिशिष्टात. जे जे वगळले ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जागच्या जागी दाखवले. आणि जो पाठ स्वीकारला पण ज्याबद्दल खात्री नव्हती, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. एवढ्या विद्वानांना आपला जोड लपवता आला नसता काय? त्यांनी तो मुद्दाम उघडा ठेवला. ती नागमोडी रेघ पाहून मला माझ्या खाकी चड्डीवरचे निळे ठिगळ आठवले. माझ्या आईला संपादनशास्त्र ठाऊक नव्हते. पण फाटले होते कुठे, हे तिच्या शिवणकामात तरी कळत होते.

मी नवी डिस्क करायला घेतली. कापलेले परत आणता येत नव्हते. म्हणून मी तो जोड उसवला. दुसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या मध्ये काळा पडदा घातला, आणि त्यावर लिहिले की, इथले 40 सेकंद मी कापले आहेत. इथे जिभाऊंनी आपल्या गुरूचे नाव सांगितले होते. खाली त्या बाईचे नाव लिहिले. पडदा बरोबर 40 सेकंद ठेवला. ती डिस्क घेऊन आधी जिभाऊंच्या मुलाकडे गेलो. त्याने पाहिली. काळ्या पडद्याशी, "बिघडली का सर?" असे विचारले. मग तो वाचू लागला. वाचून झाल्यावर त्याने यंत्र बंद केले आणि चहा सांगितला. चहा घेताना आम्ही कांद्याच्या भावाविषयी बोललो. पहिल्या 40 डिस्क आजही ज्याच्या त्याच्या घरी आहेत. त्या मी परत मागवू शकलो नाही.

मुलीच्या घरी डिस्क लावायचे यंत्र नव्हते, म्हणून शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतले. तिची आईही आली होती. ती दाराशीच उभी राहिली, मी दोनदा सांगितल्यावर बाकावर बसली. दुसरे कडवे संपले. पडदा काळा झाला. मुलीने आईला अक्षरे वाचून दाखवली. वाचायला दहा सेकंद लागले असतील. उरलेले सेकंद आम्ही तिघे काळ्या काचेत आपापली तोंडे पाहत बसलो. मग जिभाऊंचा आवाज परत आला. मुलगी थोडी पुढे सरकून निरखून पाहू लागली.

"सर," ती म्हणाली, "आता ओठ मागे पडताय त्यांचे."