सेवेचा अधिकार

सेवा हा शब्द आपल्या बोलण्यात इतका सुलभ झाला आहे, की त्याचा अर्थ काय हे विचारण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. सेवा निरपेक्ष असावी, ती करणारा धन्य, एवढे म्हटले की विषय संपला असे आपल्याला वाटते. परंतु या वाक्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी, की समाजात सेवा करणारे आणि सेवा घेणारे असे दोन वर्ग आहेत, आणि नीतिशास्त्राला जो काही उपदेश करावयाचा तो पहिल्या वर्गाला. दुसऱ्या वर्गाने केवळ कृतज्ञ राहावे. ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रश्न एका अगदी लहान प्रसंगाने माझ्यापुढे उभा केला.

मी ख्रिस्ती नाही. परंतु माझा एक जुना विद्यार्थी वऱ्हाडातल्याच एका तालुक्याच्या गावी मेथॉडिस्ट मंडळीचा कारभारी आहे, आणि त्याच्या आग्रहावरून मी दोन-चार वेळा तेथे जाऊन राहिलो आहे. मंडळी पंचवीस-तीस घरांची. पाळक एकच, आणि तेही दोन गावांचे काम पाहणारे. त्यामुळे उरलेले सारे काम मंडळीतील माणसेच करतात. कोणी घंटा वाजवतो, कोणी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो, कोणी आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो. मृत्यू झाला तर कबर खणण्यास मजूर लावीत नाहीत. शाळामास्तर, तलाठी आणि शेतमजूर एकाच खड्ड्यात पाळीपाळीने उतरतात.

या मंडळीत एक वृद्ध विधवा आहे. गरिबांसाठी जो निधी जमतो, त्यातून तिला दरमहा थोडी मदत मिळते. दर शनिवारी दुपारी ती प्रार्थनामंदिरातील बाके पुसते. गेल्या पावसाळ्यात ती ओल्या फरशीवरून घसरली. दुखापत मोठी नव्हती. परंतु पंचांच्या सभेत असे ठरले, की आजींना आता या कामातून मोकळे करावे आणि निधीतील मदत मात्र पूर्वीप्रमाणे चालू ठेवावी. ठराव सद्भावनेने झाला होता आणि तो एकमताने झाला होता. मी तेथे पाहुणा म्हणून बसलो होतो. मलाही तो योग्यच वाटला. दुसऱ्या दिवशी तो आजींना सांगण्यात आला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काहून जी? खायले देता, ते मी घेतलं. आता माह्या हातचा फडकाबी घेता काय?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. वरवर पाहता त्यात हट्टाखेरीज काही दिसणार नाही. काम गेले आणि दाम राहिला, यात कोणाचे नुकसान झाले? परंतु थोडा विचार केला म्हणजे कळते, की नुकसान झालेच होते. आठवड्यातून एक दिवस ती बाई मंडळीला काही देत होती, म्हणून उरलेले सहा दिवस तिला मान वर करून घेता येत होते. ठरावाने तिचा भार हलका केला; पण त्याबरोबर तिला देणाऱ्यांच्या पंक्तीतून उठवून घेणाऱ्यांच्या पंक्तीत कायमचे बसवले.

योगायोगाची गोष्ट अशी, की ज्या पंथाची ही मंडळी, त्याच्या इतिहासात याच प्रश्नाचे एक उत्तर नोंदलेले आहे. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा ऑक्सफर्डचा पंडित आणि इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित धर्मोपदेशक. प्रार्थना, उपवास, तुरुंगातील कैद्यांची विचारपूस ही सारी कामे तो आणि त्याचे मित्र इतक्या पद्धतशीरपणे करीत, की लोकांनी थट्टेने त्यांना ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, असे नाव ठेवले, आणि पुढे तेच पंथाचे नाव झाले. १७३९ पासून वेस्ली ब्रिस्टल शहराच्या आसपास उघड्या माळावर कोळशाच्या खाणीतील मजुरांना उपदेश करू लागला. तेथे जे सभागृह उभे राहिले, त्याच्यावर कर्ज झाले. १७४२ च्या फेब्रुवारीत ते फेडण्याचा विचार निघाला, तेव्हा कप्तान फॉय नावाच्या सभासदाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी हरकत घेतली, की पुष्कळांची तेवढीही ऐपत नाही. त्यावर कप्तान म्हणाला, की अत्यंत गरीब असे अकरा जण माझ्या वाट्यास द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या घरी जाईन, ते जे देतील ते घेईन, आणि न देऊ शकतील तेवढे पदरचे भरीन.

या सूचनेतील मर्म बारकाईने पाहण्यासारखे आहे. गरिबांची नावे यादीतून वगळावी, असे तो म्हणाला नाही. ते सर्वांत सोपे झाले असते. पेनी कोणाच्या खिशातून आली हे त्याने झाकले, परंतु प्रत्येकाचे नाव देणाऱ्यांच्या यादीत राहू दिले. आणि पुढे जे घडले ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. पेनी मागण्यासाठी घरोघर जाणाऱ्यांना घरांतील दुखणी, भांडणे, व्यसने, उपासमार डोळ्यांनी दिसू लागली, आणि कर्जफेडीच्या सोयीतून परस्परांची काळजी वाहणारे बारा-बारा जणांचे वर्ग निर्माण झाले. मागावयास गेलेला माणूस काही देऊन येऊ लागला. मेथॉडिस्ट मंडळ्यांचा पाया असा एका पेनीवर रचला गेला आहे. आणि ती पेनी धनिकाची नसून, देण्यास जो असमर्थ समजला गेला होता त्याची आहे.

आपल्याकडे मात्र हे तत्त्व टिकवणे सोपे नव्हते. १८७१ मध्ये मुंबईस आलेल्या विल्यम टेलर यांनी आपल्या मेथॉडिस्ट मंडळ्यांनी स्वतःचा खर्च स्वतः सोसावा, असा कटाक्ष ठेवला. त्यांना येऊन मिळालेले जॉर्ज बोवेन यांनी तर त्यापूर्वीच मिशनचे वेतन सोडून देऊन मुंबईच्या गरीब वस्तीत अत्यल्प खर्चात राहणे पत्करले होते. परंतु १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ आले आणि वऱ्हाड-मध्यप्रांतातील हजारो माणसे अन्नाला मोताद झाली. मिशनांनी अन्न दिले, अनाथालये उघडली. त्या वेळी ते न देणे पाप ठरले असते. पण एकीकडे देणारे हात समुद्रापलीकडचे आणि दुसरीकडे घेणारे हात येथले, अशी वाटणी झाली, की ती दुष्काळ सरल्यावरही सरत नाही. अन्नासाठी धर्म घेतला, हा टोमणा त्या लोकांच्या नातवंडांनाही ऐकावा लागला. याला अपवाद होते, आणि ते अपवादच खरे बोधप्रद आहेत. पंडिता रमाबाईंनी त्याच दुष्काळात मध्यप्रांतातून अनाथ मुली व विधवा केडगावच्या मुक्तिसदनात नेल्या. पण त्यांना केवळ पोसले नाही. त्यांनी शेती केली, विणकाम केले, छापखाना चालवला. आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्याच आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी जुळवले गेले. जिला जगवले तिच्या हाती काही देण्याजोगे दिले, तरच जगवण्याचे काम पुरे होते.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सेवा करणे हा अधिकार आहे असे जे मी म्हणतो, ते आपल्या देशात कोणाच्या तोंडून शोभेल? ज्यांच्या कित्येक पिढ्यांवर सेवा हाच जन्मसिद्ध धर्म म्हणून लादली गेली, ज्यांनी गावकीची कामे वेठीने केली, ज्यांना झाडण्यास, ओढण्यास, निरोप पोहोचवण्यास कोणी विचारून सांगितले नाही, त्यांना एखाद्या प्राध्यापकाने सेवेचे माहात्म्य सांगावे यात एक प्रकारची क्रूरता नाही काय? महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत अशा समाजांतून आलेली घरे पुष्कळ आहेत. ती आजीही अशाच घरातली. तिच्या सासूने पाटलाच्या अंगणात फडका मारला असेल, आणि तो फुकट मारला असेल.

हा आक्षेप मला मान्य आहे; परंतु त्याने माझे म्हणणे खोडले जात नसून ते नेमके होते, असे मला वाटते. वेठ आणि सेवा यांत काम एकच असू शकते, फडकाही एकच असू शकतो. भेद दोन गोष्टींत आहे. पहिली ही, की जो नाही म्हणू शकतो त्याच्याच होयला सेवा म्हणावे. दुसरी ही, की जे काम एकाच्याच वाट्यास नेहमी येते आणि दुसऱ्याच्या वाट्यास कधीच येत नाही, त्याला सेवा हे नाव देणे म्हणजे अन्यायाला गंध लावून देव्हाऱ्यात बसवणे होय. शाळामास्तर, तलाठी आणि मजूर एकाच कबरीत उतरतात, म्हणून ते खणणे सेवा ठरते. मजूरच उतरला असता तर ती वेठ झाली असती, मग वर कितीही स्तोत्रे म्हणा. सासूला नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता. सुनेचा होय म्हणण्याचा अधिकार आम्ही काढून घेत होतो. दोन्ही वेळी तिच्यासाठी दुसऱ्यांनीच ठरवले, एवढे साम्य मात्र होते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक मानले आहे. यावरून कोणी म्हणेल, की घेणाऱ्याकडून काही घेणे हे दान डागाळणे आहे. मला हे पटत नाही. परतफेडीची इच्छा धरू नको, ही आज्ञा देणाऱ्याच्या मनाला आहे. घेणाऱ्याचे हात बांधून टाक, असे ती सांगत नाही. शुभवर्तमानात तर याचा फारच मार्मिक प्रसंग आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्राने ते धुऊ देण्याचे नाकारले. त्याला वाटले, हा आपला विनय आहे. परंतु जो घेण्यास तयार नाही त्याला माझ्याबरोबर वाटा नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. आणि मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला, तू गरीब आहेस, तुझ्या टोल्या परत घे, असे येशूने म्हटले नाही. तिचे दान सर्वांत मोठे म्हणून त्याने शिष्यांना दाखवले.

आणि दूर कशाला जावे? आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात येत ते खराटा घेऊन. आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांनी धर्मशाळा बांधवल्या, लाखोंचा व्यवहार त्यांच्या शब्दावर झाला. परंतु हातातल्या गाडग्यात कोणा गरिबाच्या घरची भाकरी मागून घेण्यास ते शेवटपर्यंत लाजले नाहीत. त्यांचे देणे लोकांना सोसवले, याचे कारण ते घेतही होते. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी महारोग्यांच्या हातांना काम दिले, तेही याच जाणिवेने. समाजाने ज्यांच्या हातचे घेण्याचे नाकारले होते, त्यांना औषधाइतकीच गरज, आपल्या हातचे कोणी घ्यावे, याची होती.

हे सर्व मी आज लिहितो. पण त्या सभेत मी ठरावाला मान डोलावली, आणि असे करण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती. १९९१ च्या जुलैच्या ३० तारखेस वर्धा नदीला महापूर येऊन आमच्या वरूडच्या पलीकडच्या तीरावरील मोवाड उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे गेली. मी त्या वेळी पदवीच्या वर्गात होतो. घरोघरच्या भाकऱ्या आणि पिठल्याची पातेली घेऊन आम्ही विद्यार्थी तेथे गेलो. चिखलातून काढलेल्या एका खाटेवर एक म्हातारी बसली होती. तिचे घर उरले नव्हते; माणसांपैकी कोण उरले हे विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाही. मी तिला दोन भाकऱ्या दिल्या. तिने एक मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. “सकाळपासून उपाशी असशील न बाबू, खाय.” मी खरोखरच उपाशी होतो. तरी मी म्हणालो, “नाही आजी, आम्ही द्यायला आलो आहोत, घ्यायला नाही.” तिने हात मागे घेतला आणि ती अर्धी भाकरी पदराखाली ठेवली. त्या वेळी मला माझ्या उत्तराचा अभिमान वाटला. आज वाटते, पुराने तिचे सगळे नेले होते, तरी आल्यागेल्याला घास देणारी घरधनीण तेवढी उरली होती; तिलाही मी नाही म्हणून आलो. एक घास खाण्यास मला कितीसा वेळ लागला असता?

मंडळीने पुढे ठराव फिरवला. आता शनिवारी आजींबरोबर आणखी दोघे असतात. फरशी ते पुसतात, बाके आजी पुसतात. खजिनदारांना हे अजूनही पसंत नाही. आजी पुन्हा पडल्या तर जबाबदार कोण, असे ते विचारतात, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. पुढच्या खेपेस मी गेलो तेव्हा शनिवारच होता. मीही एक फडका मागितला. आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले, शेवटच्या रांगेतील दोन बाके माझ्याकडे लावून दिली, आणि मी पुसून झाल्यावर त्यांतील एक स्वतः पुन्हा पुसले.