तो रडतो म्हणून परत जावं का?

नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई आठ-पंधरा दिवसांनी एक प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसते. "ताई, तो फोनवर रडतोय हो. माझ्या हातून पाप होतंय का?" पोटगी, दागिने, मुलांची शाळा हे सगळं नंतर निघतं. आधी निघतो तो पापपुण्याचा प्रश्न. त्याचं उत्तर वकील देऊ शकत नाही. तिला ते धर्माकडून हवं असतं, आणि धर्माच्या नावाने तिला भलतंच उत्तर देणारे खूप असतात, म्हणून हे लिहिते आहे.

सातारा जिल्ह्यात एका महिला समुपदेशन केंद्रात मी अनेक वर्षं काम करते. आमचं घर वारकऱ्यांचं. ज्ञानेश्वरी घरात रोज वाचली जायची, त्यामुळे माणसाच्या वागण्याचा अर्थ लावताना मला आधी तीच आठवते. खाली जे सांगते आहे ते कुणा एकीचं नाही. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या, शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांच्या तोंडून मी तेच ते ऐकत आले आहे.

ज्याला स्वतःपलीकडे कुणी दिसतच नाही, अशा माणसाला बायको सोडून गेली की पहिले काही दिवस तो अतिशय गोड होतो. लग्नानंतर कधी आणली नाही ती साडी घेऊन माहेरी येतो. सासऱ्याच्या पाया पडतो, पोरांच्या शपथा घेतो, रात्रभर मेसेज पाठवतो. एवढ्याने ती हलली नाही, की आवाज बदलतो. "माझ्याशिवाय तुला कोण विचारतंय?" मग मामा, चुलता, गावचा सरपंच अशी मंडळी पाठवून बैठक बसवली जाते. तिथेही जमलं नाही तर तिच्या चारित्र्याबद्दल गावभर बोललं जातं, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टोमणे लागतात, कोर्टात नांदायला येण्याचा दावा पडतो. मुलांना भेटायला येतो आणि सगळा वेळ त्यांच्याकडून आईची बातमी काढतो. काही जण तर पहिलीशी नीट फारकत व्हायच्या आत दुसरी स्थळं पाहू लागतात, आणि तरीही पहिलीला सोडत नाहीत. हे पुरुषच करतात असं नाही. बायकोने असंच छळलेले पुरुषही केंद्राची पायरी चढले आहेत. पण माहेर आणि सासर यांच्या मध्ये उभी राहते ती बहुतेक वेळा बाई, म्हणून मी तिच्याविषयी बोलते.

या माणसाचं दुःख खोटं असतं का? मला तसं वाटत नाही. तो खरंच तळमळतो, त्याची झोप उडते, काहींचं वजन उतरलेलं मी पाहिलं आहे. प्रश्न एवढाच, की तो कशासाठी तळमळतो. मी त्याला समोर बसवून बोलू देते आणि एका गोष्टीकडे कान ठेवते. तासभर बोलण्यात तो तिच्याबद्दल काही विचारतो का? तिची रक्तदाबाची गोळी चालू आहे का, मुलीची दहावीची परीक्षा कशी गेली, माहेरी जागा पुरते का? ज्याचं प्रेम दुखावलेलं असतं तो हे विचारतो, रागात असला तरी विचारतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस शेवटपर्यंत एकच बोलतो. "तिने माझ्याशी असं केलंच कसं?" त्या वाक्यात ती कुठेच नसते.

मानसशास्त्राने अशा आत्मप्रेमाचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षं केला आहे. फ्रॉइडने आत्मप्रेमावरचा निबंध 1914 मध्ये लिहिला. हाइन्झ कोहुट यांनी 1972 मध्ये अशा माणसाच्या संतापाचं वेगळेपण मांडलं. साधा राग कारण संपलं की ओसरतो. या संतापाला मात्र अपमानाची भरपाई हवी असते, आणि ती कितीही झाली तरी पुरत नाही. 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत असं आत्मप्रेम व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणून नोंदलं गेलं. पण निदान करणं हे डॉक्टरांचं काम आहे. प्रत्येक हट्टी नवऱ्यावर या विकाराचं नाव चिकटवू नये. बाईला निर्णय घ्यायला त्या नावाची गरजही नसते. तिच्याशी कोण कसं वागलं, एवढं तिला पुरतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात माणूस कसा ढासळतो त्याचा क्रम सांगितला आहे. आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश आणि मग बुद्धीचा नाश. स्मृतिभ्रंशाची पायरी मी केंद्रातल्या खुर्चीवर बसून पाहिली आहे. शेजाऱ्यांनी सोडवलेलं भांडण, दवाखान्यातला कागद, सगळं पुढ्यात असताना माणूस शांतपणे म्हणतो, "मी कधी हात उचललाच नाही." पूर्वी मला वाटायचं, तो जाणूनबुजून खोटं बोलतोय. काही जण बोलतातही. पण काहींना खरंच आठवत नसतं; स्वतःची मूर्ती शाबूत ठेवायला आठवणच बदलून घेतलेली असते. सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचं वर्णन येतं, तिथे हा माणूस आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, माझ्यासारखा दुसरा कोण, असं मनाशी मोजत असतो. त्या हिशेबात बायको ही मिळवलेली वस्तू असते. मिळवलेली वस्तू स्वतःच्या पायाने उठून निघून गेली, तर अख्खा हिशेबच कोसळतो. त्याच्या आकांताचं मूळ तिथे आहे.

तिला परत पाठवू पाहणारे संतांचाच दाखला देतात. एकनाथ महाराज गोदावरीवर स्नान करून येताना एक जण त्यांच्यावर थुंकत राहिला, महाराज पुन्हा पुन्हा स्नान करत राहिले आणि शेवटी त्यालाच पश्चात्ताप झाला, ही कथा बैठकीत हमखास सांगितली जाते. कथा मला अतिशय प्रिय आहे. पण तिचा असा वापर झाला की मला राग येतो. नाथ सहन करत होते ते स्वतःच्या इच्छेने. त्यांना कुणी बैठक बसवून नदीवर पाठवलं नव्हतं. त्या माणसाबरोबर त्यांना एका छताखाली राहायचं नव्हतं, आणि स्नान झालं की परतायला त्यांचं स्वतःचं घर होतं. जिच्या घरातच तो माणूस बसला आहे, तिला ही कथा सांगताना हा फरक गाळता येत नाही. शांती हा संताचा स्वतःचा पराक्रम आहे. तो दुसऱ्याकडून वसूल करायचा नसतो.

दुसरा दाखला संत बहिणाबाईंचा. 1628 ते 1700 हा त्यांचा काळ. देवगावहून निघालेलं त्यांचं कुटुंब आमच्याच भागातल्या रहिमतपूरला काही काळ राहून कोल्हापूरला गेलं. तिथे कीर्तनं ऐकून त्यांना तुकोबांचा ध्यास लागला, लोक त्यांच्या दर्शनाला येऊ लागले, आणि नवऱ्याने त्यांना मारहाण केली. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावं हे त्याला सोसेना, आणि आपल्यापेक्षा बायकोला मान मिळतो हे तर त्याहून सोसेना. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः सांगून ठेवलं आहे. बहिणाबाई सोडून गेल्या नाहीत, हे खरं. पण नवरा बदलला तो केव्हा? तो स्वतःच घर सोडायला निघाला, आजारी पडला, अंथरुणावर त्याला स्वतःच्या वागण्याचा विचार करावा लागला, तेव्हा. बायकोच्या सोसण्याने तो बदलला असता तर मारहाण पहिल्याच दिवशी थांबली असती. आणि बहिणाबाईंनी मार खाऊनही तुकोबांना सोडलं नाही. घरात राहिल्या, पण आपलं मन त्यांनी नवऱ्याच्या ताब्यात दिलं नाही.

तेव्हा पापाच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. क्षमा करणं आणि परत नांदायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा मनातून द्वेष काढते, आणि ती माहेरच्या ओसरीवर बसूनही करता येते. परत जायचं तर समोरच्याचं वागणं बदललेलं असावं लागतं, आणि ते रडण्यावरून कळत नाही. केलेलं तो चारचौघांत कबूल करतो का, स्वतःहून उपचार घेतो का, तिने नाही म्हटल्यावर ते नाही ऐकून घेतो का, यावरून कळतं. पसायदानात खळांची व्यंकटी सांडो ही मागणी देवाकडे केली आहे. ती सांडेपर्यंत बायकोने मार खात राहावं, असं ज्ञानोबांनी कुठेही म्हटलेलं नाही.

"जीव देईन" ही धमकी आली की बाईचा धीर सुटतो. ती धमकी गंभीरच धरावी. त्याच्या घरच्यांना आणि 112 वर कळवावं, 14416 या टेलिमानसच्या क्रमांकाची माहिती त्याच्यापर्यंत पोचवावी. त्याला मदत मिळायलाच हवी, पण तिने परत जाणं हे औषध नव्हे. आणि घर सोडण्याच्या आसपासचा काळ तिच्या जिवालाही सर्वांत धोक्याचा असतो. शेवटचं एकदा एकटीने ये, बोलू, असं म्हटलं तरी एकटीने जाऊ नये. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिव्या, अपमान आणि मानसिक छळही हिंसाच मानली आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत, 181 ही हेल्पलाइन आहे.

माहेरच्या थोरांना माझी विनंती आहे. लेक दारात आली की "परत कधी जाणार?" हे विचारू नका. जावई रडत आला तर त्याचं ऐकून घ्या, त्याला चहा द्या, डॉक्टरांचा पत्ता द्या. पण त्याचं रडू थांबवण्यासाठी लेकीला त्याच्या हवाली करू नका. क्षमा तिची आहे. ती करायची की नाही, केव्हा करायची आणि कुठे राहून करायची, हे तिलाच ठरवू द्या.