सवय होईल

मिरचीची बारा रोपं मी एका दिवसात भाजली. तीही त्यांच्यासाठी पैसे खर्च करून.

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटसमोर दुसरी इमारत आहे, ऊन आत येतच नाही. बिया ट्यूबलाइटखाली रुजल्या खऱ्या, पण रोपं उजेडाच्या शोधात दोऱ्यासारखी लांबुळकी झाली. दोन आडवी पडली. मग मी एलईडी ग्रो लाइट मागवला, रोपांपासून वीतभर अंतरावर टांगला, पूर्ण तेजावर लावला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी पानांच्या कडा वर वळलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पानांच्या मधोमध कागदासारखे पांढरे डाग.

दिव्याचा राग मला येईना. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे. मिरची तर उन्हातलंच पीक. म्हणजे पुढे जी याहून जास्त उजेडात मजेत राहिली असती, तीच रोपं मी यात जाळली.

मग वाचत बसले. पानाला साखर बनवायला उजेड लागतो, पण एका वेळी तो किती वापरता येईल याला मर्यादा असते. जास्तीचा उजेड पान उष्णता करून टाकून देतं. हरितलवकं पेशीच्या कडेच्या भिंतींकडे सरकतात, आपण उन्हात भिंतीला चिकटून चालतो तशी. त्यापलीकडे गेलं की उजेड पकडणारी यंत्रणाच उजेडानं मोडायला लागते आणि दुरुस्ती मागे पडते. पण मला खरं अडकवलं ते पुढच्या गोष्टीनं. उन्हातलं पान जाड असतं, आणि ही जाडी पान घडतानाच ठरते. अंधुक उजेडात उघडलेलं पान थोडंफार जुळवून घेतं, जाड मात्र होत नाही. सवय होते ती मुख्यतः नव्या पानांमधून. रोप नव्या उजेडाच्या हिशेबानं नवी पानं काढतं. आठ-दहा दिवस दिवा लांब ठेवायचा, थोडे तास लावायचा, तो या नव्या पानांना वेळ मिळावा म्हणून.

‘सवय होईल’ हे वाक्य मी माझ्या भावाला म्हटलं होतं.

दहावीनंतर त्याला लातूरच्या एका कोचिंगला घालायचं मीच घरात लावून धरलं. बीडजवळचं आमचं गाव, मराठी शाळा, वर्गात तिसावर मुलं नाहीत. तिथे एका हॉलमध्ये दोनशे, आणि दर रविवारी टेस्ट. फोनवर तो म्हणायचा, “ताई, झोप लागत नाही गं.” मी म्हणायचे, सवय होईल. तिसऱ्या महिन्यात बाबा त्याला घेऊन आले. पुढे वर्षभर तो पुस्तकाला शिवला नाही. हुशारी कमी होती असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही.

यावरून ‘मुलांना ताण देऊच नये’ असं म्हणणं सोपं आहे. पण आडवी पडलेली ती दोन रोपं डोळ्यांसमोर येतात. ती लाडात, कमी उजेडात मेली. गावात ठेवलं असतं तर सगळं छान झालं असतं, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि आई तर दरवर्षी मिरचीच्या रोपांना लावणीआधी आठवडाभर पाणी कमी करते. काटक व्हावीत म्हणून मुद्दाम त्रास देते. पण त्या आठवड्यात ती रोज सकाळी वाफ्यात वाकून पानं हातात घेऊन बघते. माना टाकलेल्या दिसल्या तर पाणी सोडते. मी दिवा लावून ऑफिसला गेले होते. लातूरच्या वेळीही तसंच.

बारातली आठ जगली. घरी येणारे म्हणतात, वा, काय तरारलीत! खिडकीतल्या चार रिकाम्या कपांबद्दल कुणी विचारत नाही. कडक वातावरणातून तरून गेलेल्यांच्या यशोगाथा वाचताना मला हल्ली ते कप आठवतात. थोडा खडूसपणाच आहे हा, मान्य.

आता दिवा हातभर वर आहे, मंद केलेला, दिवसाला सहा तास. दर दोन-तीन दिवसांनी तासभर वाढवते, आधी नवी पानं बघते आणि मगच. हा हिशेब मला दोन वर्षांपूर्वी का सुचला नाही? सुचायला हुशारी लागत नव्हती. त्यानं फोनवर सांगितलेलं ऐकायचं होतं फक्त. रोपाला तर तेवढंही सांगता येत नाही.

भाऊ आता बी.ए.ला आहे. गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला होता. दिव्याची साखळी धरून बराच वेळ रोपं बघत राहिला. मग म्हणाला, “ही डाग पडलेली पानं तोडत का नाहीस?”

मी म्हटलं, कडेनं हिरवी आहेत अजून, तेवढ्यावर काम करताहेत.

“मग राहू दे,” तो म्हणाला, आणि मला न विचारता साखळीची एक कडी वर घेतली.