देवाच्या नावाने सक्ती

आजचं वाचन: गीता १८.६३. सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. आज्ञा करता आली असती, तरी केली नाही!

यावरून मला रॉजर विल्यम्स आठवला. राज्य आणि चर्च वेगळं ठेवा म्हणणारे लोक नास्तिकच असणार, असं मला वाटायचं. हा तर पक्का धर्मोपदेशक. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत अधिकारी रहिवाशांना देवाच्या नावाने शपथ घ्यायला लावत. विल्यम्स म्हणायचा, शपथ ही उपासनाच आहे. मनात श्रद्धा नसलेल्याला ती घ्यायला लावणं म्हणजे त्याच्या तोंडून देवाचं नाव व्यर्थ घ्यायला लावणं. अशा मतांपायी १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन थंडीत बाहेर पडून त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. पुढे तिकडे क्वेकर पंथाचे लोक आले. त्यांची मतं त्याला मुळीच पटत नसत, म्हातारपणी त्यांच्याशी जाहीर वाद घातला, पण छळ केला नाही. बॉस्टनमध्ये मात्र त्याच काळात क्वेकरांना फाशी दिली गेली. फाशी देणारेही रोज प्रार्थना करणारेच होते, हे मला जास्त टोचतं.

कारण 'शाळेत गीता सक्तीची करा' या फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजला मी मागे हात जोडले होते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे आपल्या संविधानाचं कलम २८ तेव्हा मला देवाच्या आड येणारं वाटलं होतं.

काल काकांनी तोच मेसेज पुन्हा टाकलाय. अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी फोनच करतो त्यांना.