बुरुजाचा हिशेब कोणी करायचा?



सामान्य काळातील तेविसाव्या रविवारच्या शुभवर्तमानात (लूक १४:२५-३३) प्रभू येशू एक साधा दाखला देतो. एकाला बुरुज बांधायचा आहे. त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब केला नाही, तर पाया घालून काम अडून राहते आणि येणारे-जाणारे त्याला हसतात. या दाखल्यावर मी अनेक वर्षे एकच प्रवचन दिले: काटकसर करा, विचारपूर्वक वागा, प्रभूमागे येण्याची किंमत ओळखा. ते चुकीचे नव्हते. पण अपुरे होते, हे मला एका मावशीने शिकवले.

मावशींना घरकुल मंजूर झाले होते. पहिला हप्ता आला, पाया भरला आणि काम थांबले. वर्षभराने मी त्यांच्या पाड्यावर गेलो, तेव्हा अर्धवट पायावर गवत वाढलेले होते व शेजारच्या झोपडीवर ताडपत्री होती. मी चार लोकांसमोर विचारले, ‘‘मावशी, सरकारने पैसे दिले, ते गेले कुठे?’’ त्या खाली बघून म्हणाल्या, ‘‘फादर, भित उभी करशी तव्हय पैसा भेटी म्हंतस. मंग भित उभी कराले पैसा कोठेन लयू?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पाया पाहून हसणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

त्यांचे म्हणणे नीट समजून घेऊ या. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली इंदिरा आवास योजनेच्या जागी आला. मैदानी भागात घरासाठी १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरली. शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी वेगळे अनुदान. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. पैसा हप्त्याहप्त्याने येतो. काम ठरलेल्या टप्प्यावर गेले, त्याचा फोटो मोबाईलवर चढला, की पुढचा हप्ता. पैसा मध्येच कोणी खाऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: गरिबाच्या हातात आधी खर्च करायला थोडा पैसा आहे. तो नसतो. मग सिमेंट उधार, वाळू उधार आणि सावकाराचे व्याज. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला जाते, तेव्हा फोटो काढायला घरी कोणी नसते. २०१६ पासून लोखंडाचे आणि गवंड्याच्या मजुरीचे भाव कुठल्या कुठे गेले, हे आपण सारे जाणतो.

आता दुसरा पाया पाहू. आपल्याच जळगाव शहरात १९९० च्या दशकात नगरपालिकेने गरिबांसाठी घरकुल योजना घेतली. हजारो घरे बांधायची होती. पुरी झाली ती सुमारे दीड हजार. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यांत माजी मंत्री होते, नगरसेवक होते. पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. त्या माणसांचा न्याय करणे हे आपल्या पत्रकाचे काम नाही. पण फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात झोपडीतले मूल दहावी पास होऊन मजुरीला लागते.

मावशींच्या अपुऱ्या पायाला आपण हसतो. शहराच्या अपुऱ्या पायाला मात्र ‘राजकारण’ म्हणून सोडून देतो. प्रभू विचारतो, हिशेब करायला बसायचे कोणी? ज्याच्या हाती साधन आहे त्याने.

पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या परिपत्रकात निवारा हा माणसाच्या हक्कांत गणला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली जमीन, छप्पर आणि काम या तिन्ही गोष्टी हक्काच्या मानल्या. हक्क म्हणजे भीक नव्हे. पण अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये मांडलेले सहायकतेचे तत्त्वही विसरू नये: लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने हिरावू नये, आणि त्याला जे जमत नाही तिथे मोठ्याने हात द्यावा. म्हणजे धोरण सरकारचे, पण पहिल्या भिंतीपर्यंतचे अंतर शेजाऱ्याचे.

म्हणून आपल्या धर्मग्रामापुढे मी तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, ग्रामसभेला जा. घरकुलाची यादी तिथे वाचली जाते. ज्याचे पक्के घर आहे आणि तरी नाव यादीत आहे, त्याने स्वतः उठून ते काढून घ्यावे. असे नाव आपल्यातल्या कोणाचे असेल, तर पुढच्या मिस्साबलिदानाआधी त्याने विचार करावा.

दुसरी, आपल्यात गवंडी आहेत, सुतार आहेत, शिकलेली मुले आहेत. गवंड्याने महिन्यातला एक दिवस द्यावा. मुलांनी आधार, जॉब कार्ड व बँक खाते यांची कागदपत्रे जुळवून द्यावीत. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. ती मागायची कशी हे पाड्यापाड्यावर सांगावे.

तिसरी, सिमेंटसाठी बिनव्याजी रकमेचा एक लहान निधी उभारू या. हप्ता आला की रक्कम परत, मग पुढच्या घराला. त्यात पहिली रक्कम मी माझी टाकली आहे. मावशींच्या भिंती त्यातूनच उभ्या राहू लागल्या आहेत. चार लोकांसमोर विचारले होते, म्हणून चार लोकांसमोरच मी त्यांची क्षमा मागितली.

ज्याला जन्माच्या रात्री उताराची जागा मिळाली नाही, तो प्रभू येशू आज कोणाच्या ताडपत्रीखाली भिजत आहे, हे आपल्याला दिसो.

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.

आपला,
धर्मग्रामाचा धर्मगुरू